काउबॉय ॲक्शन शूटिंग सुरू करताय? या चुका टाळा

काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणजे काउबॉयच्या जमान्यातल्या धाटणीच्या दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि एक शॉटगन घेऊन, घड्याळ लावून टार्गेट वाजवायची स्पर्धा. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये हा छंद हळूहळू पसरतोय, याचा आनंदच आहे. पण नवा माणूस रेंजवर आला की तो काय चुकणार, हे आता आधीच सांगता येतं.

सगळ्यात आधी एक रुक्ष गोष्ट. एच-१बी किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. 'मित्राची आहे, जरा हातात धरली' ही सबब चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आता माझी आवडती चूक: मॅच न बघता खरेदी. आमच्याकडे एक उत्साही गडी आला. नियम वाचायला वेळ नव्हता, दुकानात जायला होता. त्याने .३०-३० ची (म्हणजे रायफलच्या मोठ्या काडतुसाची) लिव्हर ॲक्शन, खालचा दांडा ओढून भरायची रायफल घेतली होती आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारी दुनळी शॉटगन. सोबत तांब्याचा पत्रा चढवलेल्या गोळ्यांचे खोके. त्यातलं मॅचमध्ये चालणारं काहीच नव्हतं. मुख्य मॅचमधली रायफल पिस्तुलाच्या कॅलिबरचीच लागते, .३८ स्पेशल किंवा .४५ कोल्टसारखी. दुनळीला ऑटोमॅटिक इजेक्टर चालत नाहीत. आणि पिस्तुलाचं लोखंडी टार्गेट सात-दहा यार्डांवर असतं, म्हणून गोळी निव्वळ शिशाचीच हवी. तांब्याचे तुकडे उलटून अंगावर येतात. गडी म्हणाला, "दुकानदाराने सांगितलं ना, काउबॉय रायफल आहे म्हणून!" दुकानदार सांगणारच, त्याला विकायची होती.

गंमत म्हणजे त्याच दिवशी पॉसीतल्या (एकत्र खेळणाऱ्या गटातल्या) एका आजोबांनी आपल्या चारही बंदुका त्याच्या हाती दिल्या, काडतुसांसकट. या खेळात हे सर्रास चालतं. म्हणून माझं म्हणणं असं: पहिल्या मॅचला डोळ्यांचा चष्मा आणि कानांचं संरक्षण एवढंच घेऊन या. लोकांच्या बंदुका हाताळा, मग खिशात हात घाला. मी नवख्याला .३८ च सुचवतो. धक्का कमी, गोळी स्वस्त. .४५ चा रुबाब नंतर करा.

दुसरी चूक घड्याळाची. एक निशाणा हुकला की ५ सेकंदांचा दंड. चाळीस सेकंदांत स्टेज (मॅचमधली एक फेरी) उरकून तीन हुकवणारा पंचावन्नवर जातो. पन्नास सेकंदांत सगळे वाजवणारा शांतपणे त्याच्या पुढे. एवढं साधं गणित इंजिनियर लोकांना का कळत नाही, देव जाणे. ठोका ऐकू येईल इतक्याच वेगाने मारा.

याच घाईचं दुसरं रूप घरी रिकाम्या काडतुसांत दारू आणि गोळी भरताना दिसतं. एकाने कानात हेडफोन घालून शेकड्याने काडतुसं भरली. मॅचमध्ये त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून धाड् ऐवजी नुसतं 'टप्प' वाजलं, टार्गेट वाजलंच नाही. गड्याने घोडा पुन्हा ओढला! टायमर ऑपरेटरने ओरडून थांबवला म्हणून वाचला. त्या काडतुसात दारूच पडली नव्हती. नुसत्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत मधेच अडकली होती. मागून दुसरी सुटली असती तर नळी फुगली असती, कदाचित फुटलीही असती. आणि हा पठ्ठ्या गेलेल्या सेकंदांबद्दल वाद घालत होता. आवाज हलका आला की थांबायचं, ते रिव्हॉल्व्हर ठेवून पुढच्या बंदुकीकडे जायचं. न झाडलेल्या गोळ्यांचे प्रत्येकी ५ सेकंद मुकाट्याने घ्यायचे. मी गोळी बसवण्याआधी प्रत्येक काडतुसात बॅटरीचा झोत टाकून बघतो. .३८ मध्ये दारू तळाशी चिमूटभर असते, दोनदा पडली तरी मावते. त्या वेळी घरात कुणाशी बोलत नाही. बायकोला आता सवय झालीय.

बाकी किरकोळ:

सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरा. एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढून रिकाम्या घरावर हळूच उतरवा. रुगर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरला ट्रान्सफर बार (घोड्याला धक्का लागून चुकून बार उडू न देणारी पट्टी) असला तरी पाचच.

क्रॉसड्रॉ होल्स्टर (विरुद्ध बाजूला लावलेलं, हात आडवा नेऊन रिव्हॉल्व्हर काढायचं) पहिल्या वर्षी नकोच. रिव्हॉल्व्हर काढताना नळी बाजूला फिरते, नळी समोरच्या १७० अंशांतच ठेवायचा नियम मोडतो आणि स्टेज बाद.

बेसबॉल कॅप, टी-शर्ट, स्पोर्ट्स शूज घालून येऊ नका. पण हजार डॉलरचा पोशाखही नको. लांब बाह्यांचा शर्ट, साधी जीन्स, बूट आणि हॅट पुरे.

या खेळात प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं. ते दुसऱ्या कुणी आधी नोंदवलेलं नाही ना, ते या खेळाच्या संघटनेकडे, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीकडे तपासा आणि मगच पट्ट्यावर कोरून घ्या.

आपली पाळी झाली की गाडीकडे पळू नका. टार्गेट मोजायला, रिकामी काडतुसं वेचायला माणसं लागतात. आणि ती वेचून झाली की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका. बोटांवर शिसं असतं.