आरएसएसआय: आकडा नीट मोजायचा कसा आणि कामाला लावायचा कसा

रेडिओ चिप जो आरएसएसआय (सिग्नलची ताकद सांगणारा आकडा) देते तो म्हणजे त्या क्षणी रिसीव्हरच्या फिल्टरमधून आत आलेली एकूण शक्ती. त्यात तुमचा सिग्नल असतो, शेजारच्या गेटच्या रिमोटचा असतो आणि तुमच्याच बोर्डावरच्या पॉवर सप्लायचा नॉइजही असतो. चिप यांत भेद करत नाही. म्हणून लॉगमध्ये नुसतं ‘−९५’ लिहून ठेवण्यात अर्थ नाही. तो आकडा पॅकेट येताना घेतला की चॅनेल रिकामा असताना, फिल्टर किती रुंद होता आणि त्याच जागी रिकाम्या चॅनेलवर किती येत होतं, या तीन गोष्टी सोबत असतील तरच त्यावरून काही ठरवता येतं.

इथे मुख्य उदाहरण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सीसी११०१ चं घेतलं आहे. ही चिप सहज मिळते, आणि आरएसएसआयबाबत होणाऱ्या बहुतेक चुका तिच्यावर स्पष्ट दिसतात. भारतात काम करत असाल तर आधी एक बदल करा. बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये युरोपातली ८६८.३ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी भरलेली असते. ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या आत आणा. हा पट्टा २००५ पासून ठरवून दिलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो.

रजिस्टर वाचताना

आरएसएसआयचं स्टेटस रजिस्टर (चिपच्या आतला वाचता येणारा कप्पा) हेक्स ३४, म्हणजे १६ च्या पायातल्या ३४ या पत्त्यावर आहे. पहिली ठेच इथेच लागते. या चिपमध्ये हेक्स ३० ते ३डी हे पत्ते दुहेरी वापराचे आहेत: बर्स्ट बिट १ असेल तर स्टेटस रजिस्टर, ० असेल तर कमांड. म्हणून वाचण्यासाठी हेक्स एफ४ पाठवायचा. नेहमीच्या रजिस्टरसारखा बी४ पाठवलात तर चिप त्याला ‘रिसीव्ह सुरू करा’ अशी कमांड समजते, आणि परत येतो तो आरएसएसआय नसून चिपचा स्टेटस बाइट. लक्षण ओळखायला सोपं आहे: अँटेना काढा, लावा, ट्रान्समीटर जवळ आणा, आकडा जवळजवळ हलतच नाही.

मिळालेला बाइट चिन्हासहित असतो आणि अर्ध्या डेसिबलच्या पायरीने मोजतो. १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर २५६ वजा करा, मग २ ने भागा, मग ७४ वजा करा. १९४ आला तर (१९४ − २५६) ÷ २ − ७४ = −१०५ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतली शक्ती, डेसिबलमध्ये). ४६ आला तर २३ − ७४ = −५१ डीबीएम. चिन्हाकडे दुर्लक्ष केलं तर तोच १९४ चक्क +२३ डीबीएम दाखवतो. म्हणजे क्षीण सिग्नल अचानक प्रचंड दिसायला लागले की आधी व्हेरिएबलचा प्रकार तपासा.

भागाकार शक्यतो शेवटी करा. फर्मवेअरमध्ये सगळं अर्ध्या डेसिबलमध्येच ठेवलं (७४ ऐवजी १४८ वजा) तर विषम आकड्यांवर पूर्णांकांच्या भागाकारात अर्धा डेसिबल गळत नाही, आणि सरासरीही अचूक निघते. एकदा वाचून भागवू नका: रजिस्टर बदलत असतानाच वाचलं गेलं तर चुकीचा बाइट येऊ शकतो. लागोपाठ दोन वाचनं जुळली तरच आकडा घ्या.

कोणत्या क्षणी वाचायचं

रिसीव्ह मोडमध्ये रजिस्टर सतत बदलत राहतं, पण सिंक वर्ड (पॅकेटची सुरुवात ओळखण्याचे ठरावीक बिट) सापडताच आकडा गोठतो आणि चिप पुन्हा रिसीव्हमध्ये जाईपर्यंत तसाच राहतो. पॅकेटसाठी हे सोयीचं आहे. पीकेटी-कंट्रोल-१ (हेक्स ०७) या रजिस्टरमधला ‘अपेंड स्टेटस’ हा बिट चालू ठेवा; रीसेटनंतर तो चालूच असतो. मग प्रत्येक पॅकेटच्या शेवटी दोन जादा बाइट येतात: पहिला आरएसएसआय, दुसऱ्यात वरचा बिट सीआरसी (पॅकेट न बिघडता आलं का याची तपासणी) बरोबर आहे की नाही ते सांगतो आणि खालचे सात बिट एलक्यूआय, म्हणजे लिंकच्या दर्जाचा आकडा. या चिपमध्ये एलक्यूआय जितका कमी तितका चांगला, हे उलटं आहे आणि हमखास चुकतं. फिफो (आलेले बाइट साठवण्याची चिपमधली जागा) ६४ बाइटची आहे, त्यामुळे लांबीचा एक आणि हे दोन बाइट धरता एका दमात ६१ बाइटच बसतात.

रिकामा चॅनेल मोजताना मात्र हेच गोठणं अंगाशी येतं. नॉइजमध्येच कधीतरी सिंक वर्डसारखे बिट सापडतात, आकडा गोठतो आणि तुमच्या पुढच्या हजार नोंदी एकच आकडा दाखवतात. दर शंभर वाचनांनंतर आयडलमध्ये (रिसीव्ह थांबवून स्वस्थ बसण्याच्या मोडमध्ये) जा, रिसीव्ह फिफो साफ करा, पुन्हा रिसीव्ह सुरू करा.

रिसीव्ह सुरू केल्याबरोबर वाचू नका. आयडलमधून येताना ऑटो कॅलिब्रेशन चालू असेल तर त्यातच सुमारे पाऊण मिलिसेकंद जातो, आणि त्यानंतर एजीसीला (रिसीव्हरचं प्रवर्धन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या भागाला) स्थिरावायला वेळ लागतो. आकडा किती वेळाने नवा होतो ते असं काढतात: फिल्टरची रुंदी गुणिले २, भागिले (८ गुणिले २ चा घात फिल्टर लेंग्थ). फिल्टर लेंग्थ ही चिपमधली एक सेटिंग आहे, आणि उत्तर येतं ते सेकंदाला किती वेळा याचं. २०३ किलोहर्ट्झ आणि फिल्टर लेंग्थ १ असेल तर सेकंदाला सुमारे २५,४०० वेळा, म्हणजे दर ३९ मायक्रोसेकंदाला. ५८ किलोहर्ट्झवर तोच वेळ १३८ मायक्रोसेकंद होतो. यापेक्षा वेगाने वाचलेले आकडे जुनेच असतात. त्यांना वेगळे नमुने समजून सरासरी काढू नका.

स्थिरावण्याचा वेळ स्वतः मोजा. एका मॉड्यूलला वेगळा सिंक वर्ड देऊन सतत पाठवत ठेवा, म्हणजे रिसीव्हर गोठणार नाही. दुसऱ्यावर रिसीव्ह सुरू केल्यापासून दर ५० मायक्रोसेकंदाला एक असे शंभर आकडे साठवा आणि आलेख काढा. आधी चढ, मग सपाट. सपाटी जिथे सुरू होते त्याच्या दीडपट वेळ फर्मवेअरमध्ये थांबा. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) किंवा फिल्टर बदलला की हे पुन्हा करा.

नॉइज फ्लोअर

नॉइज फ्लोअर म्हणजे कोणीही पाठवत नसताना दिसणारी नॉइजची पातळी. सर्वांत जास्त वेळ इथे द्या. खोलीच्या तापमानाला नॉइजची शक्ती दर हर्ट्झला −१७४ डीबीएम असते. त्यात फिल्टरच्या रुंदीच्या लॉगची दहापट मिळवा. २०३ किलोहर्ट्झला −१२१ येतं. रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजचे ७ ते १० डेसिबल धरा, म्हणजे शांत जागी −११४ ते −१११ च्या आसपास दिसायला हवं. ७४ चा ऑफसेट हा सर्वसाधारण आकडा आहे, प्रत्येक चिपचा नेमका नव्हे, तेव्हा दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे होणारच. पण −९८ दिसत असेल तर काहीतरी ओरडतंय.

कोण ओरडतंय ते शोधायला हजार वाचनं घ्या आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) व ९५ वा शतमक (ज्याच्या खाली ९५ टक्के वाचनं येतात तो आकडा) काढा. साधी सरासरी नको. एखादं शेजारचं पॅकेट तिला वर ओढतं. मग एकेक गोष्ट बंद करत जा: बक कन्व्हर्टरऐवजी (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग सर्किटऐवजी) बॅटरी, यूएसबी केबल काढून, डिस्प्ले बंद करून, चार्जर दूर नेऊन. मध्यक वर गेला असेल तर सतत चालणारा स्रोत, बहुधा स्वतःच्याच बोर्डावरचा. मध्यक ठीक आणि शतमक मात्र १५ डेसिबल वर असेल तर बाहेरचं कोणीतरी अधूनमधून बोलतंय. फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्झच्या पायरीने सरकवत हेच मोजलं तर मायक्रोकंट्रोलरच्या घड्याळाचे टेंगूळही दिसतात. १६ मेगाहर्ट्झची ५४ वी पट ८६४ वर पडते, म्हणजे आपल्या पट्ट्याला अगदी खेटून.

फिल्टर ८१२ वरून ५८ किलोहर्ट्झवर आणला तर नॉइज साडेअकरा डेसिबलने खाली येतो. मोह होतो, पण क्रिस्टलकडे बघा. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भाग चुकणारा) क्रिस्टल ८६६ मेगाहर्ट्झवर १७ किलोहर्ट्झ चुकतो. दोन मॉड्यूल विरुद्ध बाजूंना चुकले तर ३५, आणि ५८ चा फिल्टर मध्यापासून दोन्हीकडे २९ च असतो. सिग्नल फिल्टरच्या काठावरून घसरतो, आरएसएसआय विनाकारण कमी दिसतो, आणि दोष अँटेनावर जातो. फ्रिक्वेन्सीतला फरक हेक्स एफ२ पाठवून वाचता येतो. एक पायरी १.५९ किलोहर्ट्झची आणि तीही चिन्हासहित.

टेबलावरची पडताळणी

लागणारं सामान: एसएमए सॉकेट (अँटेना-केबलचं स्क्रूचं जोडणीस्थान) असलेली दोन मॉड्यूल, ३० डेसिबलचे दोन अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे जोड), १० डेसिबलचे तीन, छोट्या कोअ‍ॅक्स केबल, आणि घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा. ट्रान्समीटर बॅटरीसकट डब्यात ठेवा आणि फक्त कोअ‍ॅक्स बाहेर काढा. पॉवर ० डीबीएमवर ठेवा. दोन मॉड्यूल अ‍ॅटेन्युएटरशिवाय थेट कधीच जोडू नका.

६० डेसिबल लावून −६० च्या आसपास यायला हवं. मग १०-१० वाढवत न्या: −७०, −८०, −९०. नेमका आकडा दोन-तीन डेसिबल हुकला तरी चालेल, कारण मॉड्यूलची पॉवरही नेमकी नसते. पायरी मात्र १० चीच हवी. १० वाढवूनही आकडा ४ च उतरला तर सिग्नल केबलमधून नव्हे, हवेतून येतोय. झाकणाच्या फटीतून किंवा कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून. वरच्या टोकाला पायरी आक्रसली तर रिसीव्हर संपृक्त होतोय. म्हणूनच हातभर अंतरावर ठेवलेल्या दोन मॉड्यूलच्या आकड्यांवरून काही ठरवू नये. सरासरी चूक प्रत्येक मॉड्यूलच्या नावाने साठवा आणि ऑफसेटमध्ये मिळवा.

दुसऱ्या चिप

सेमटेकच्या एसएक्स१२७६ आणि ७८ मध्ये लोरासाठी (लांब अंतरासाठीच्या सावकाश रेडिओ पद्धतीसाठी) रजिस्टरच्या आकड्यात वरच्या पट्ट्याला (८६५ सारख्या) −१५७ आणि खालच्या पट्ट्याला (४३३) −१६४ मिळवतात. ४३३ च्या मॉड्यूलवर −१५७ राहिला तर प्रत्येक आकडा ७ डेसिबलने गोड दिसतो. लोरा नॉइजच्या खालचंही ऐकतो, म्हणून एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर किंवा खाली आहे तो आकडा) ऋण असेल तर तोही मिळवावा लागतो. पॅकेटचा आकडा ५२ आणि एसएनआरचा बाइट २१६ असेल, तर २१६ म्हणजे −४०, चारने भागून −१० डेसिबल; सिग्नल −१५७ + ५२ − १० = −११५ डीबीएम. हा −१० मिळवला नाही तर −१०५ येतं, आणि तो जवळजवळ निव्वळ नॉइजचा आकडा आहे. लोरात लिंक किती तग धरेल ते एसएनआरच सांगतो: एसएफ७ ला (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; जितका मोठा तितकं पाठवणं सावकाश) −७.५ पर्यंत, एसएफ१२ ला −२० पर्यंत चालतं.

नॉर्डिकच्या एनआरएफ५२ मालिकेत आकडा धन येतो, उणे चिन्ह तुम्ही लावायचं. एनआरएफ२४एल०१प्लसमध्ये तर आकडाच नाही, −६४ डीबीएमच्या वर की खाली एवढं सांगणारा एक बिट आहे, आणि तोही रिसीव्ह सुरू करून १७० मायक्रोसेकंद झाल्यावरच खरा.

वापर

जागा ठरवताना: ८६६ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी १७ सेंटिमीटर, वीतभरापेक्षाही कमी. भिंतींवरून परतलेल्या लाटा एकमेकींना खातात आणि तेवढ्याशा अंतरात २० डेसिबलचा खड्डा पडू शकतो. एका बिंदूवर मोजून खिळा ठोकू नका. वीतभर परिसरात सात-आठ ठिकाणी प्रत्येकी ५० पॅकेट घ्या. ३८.४ किलोबॉडला सीसी११०१ ची संवेदनशीलता −१०४ डीबीएम आहे. त्याच्या किंवा मोजलेल्या नॉइजच्या वर (जे जास्त अडवेल त्यावरून) निदान २० डेसिबल राखा. शेतात तर याहून जास्त. लागणीच्या वेळी मोकळ्या रानात लावलेला नोड (रेडिओ बसवलेलं उपकरण) उसाची उंची वाढली की पानांच्या आत जातो. या फ्रिक्वेन्सीला पडणारा पाऊस नगण्य. ओली पानं नव्हेत. अँटेना पूर्ण वाढलेल्या पिकाच्या वर राहील अशीच काठी घ्या.

सरासरी आरएसएसआयवर भरवसा ठेवण्याआधी एक ध्यानात घ्या: हरवलेल्या पॅकेटला आरएसएसआय नसतो. लिंक काठावर आली की क्षीण पॅकेटं गळतात, सशक्त तेवढी पोचतात, आणि सरासरी −१०० पाशी अडून बसते. लिंक मरत असताना आलेख मात्र स्थिर दिसतो. प्रत्येक पॅकेटात क्रमांक घाला, १०० पैकी किती आली ते आरएसएसआयच्या शेजारीच लिहा. आरएसएसआय चांगला आणि पॅकेटं मात्र गळतात असं दिसलं तर दुसरा कोणीतरी त्याच वेळी बोलतोय किंवा फ्रिक्वेन्सी सरकली आहे. पॉवर वाढवून ते सुटत नाही.

पॉवर आपोआप कमी-जास्त करायची असेल तर उतरताना सावकाश, चढताना ताबडतोब. उत्तराच्या पॅकेटात रिसीव्हरने मोजलेला आरएसएसआय परत पाठवा. सलग दहा पॅकेटांचा मध्यक लक्ष्याच्या ६ डेसिबल वर असेल तरच एक पायरी उतरा. एक जरी उत्तर आलं नाही तरी दोन पायऱ्या चढा. हे ६ डेसिबलचं अंतर ठेवलं नाही तर कोणी समोरून चालत गेलं तरी पॉवर खालीवर होत राहते आणि बॅटरी वाचायच्या ऐवजी पुन्हा पुन्हा पाठवण्यात जाते.

पाठवण्याआधी चॅनेल मोकळा आहे का बघायचं असेल, तर उंबरठा नॉइजच्या ९५ व्या शतमकाच्या ६ ते १० डेसिबल वर ठेवा. फार खाली ठेवला तर नोड कधीच बोलत नाही, फार वर ठेवला तर सगळ्यांवर बोलतो. नॉइज दिवसभरात बदलतो, म्हणून दर तासाला तो पुन्हा मोजा.

अंतर काढण्यासाठी मात्र आरएसएसआय वापरू नका. मोकळ्या जागेत ६ डेसिबल म्हणजे अंतर दुप्पट, आणि ६ डेसिबल तर अँटेना तिरकी झाली तरी जातात. ‘याच खोलीत आहे की पलीकडच्या’ एवढंच हवं असेल तर २० आकड्यांचा मध्यक आणि दोन उंबरठे पुरतात: आत आल्याचा −६० ला, बाहेर गेल्याचा −७० ला. हे दोन आकडे त्या त्या घरात, दारं लावून आणि माणसं आत असताना मोजूनच ठरवा.