पॅनल बांधताना, आणि पॅनलमधला माणूस फुटल्यावर

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात मी दहा वर्षं सरपंच होते. पहिली पाच वर्षं महिला राखीव जागेवर, पुढची पाच थेट जनतेतून. आता मी निवडणूक लढवत नाही. पण नवे सरपंच, त्यातही नव्याने निवडून आलेल्या बाया, घरी येतात आणि एकच विचारतात, ‘काकी, आपलाच माणूस फुटला, आता काय करू?’ त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी निवडीचं बोलू, कारण फुटण्याचं बी बहुतेक वेळा तिथेच पडतं. उमेदवार ठरवताना वाडीवाडीतून माणूस घ्यावाच लागतो. पण ‘वाडीत वजन कोणाचं?’ असं विचाराल तर सभेत मोठ्याने बोलणाऱ्यांचीच नावं पुढे येतील. मी वेगळं विचारायचे. वाडीत मयत झालं तर लाकडं कोण जमवतो? पंपाची मोटर जळली तर पहिला फोन कोणाला जातो? तीन घरांत एकच नाव ऐकू आलं की त्याच्याकडे जायचं. चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळाचंही ऐका, गणपतीत सगळे भेटतातच. पण उमेदवार मात्र बारा महिने गावात राहणारा हवा. मासिक सभा दर महिन्याला असते, मे महिन्यात आणि गणपतीत नव्हे.

पद देताना एक पथ्य पाळा. ‘अडीच वर्षं तुला, अडीच वर्षं त्याला’ असा उपसरपंचपदाचा शब्द देऊ नका. अडीच वर्षांनी पहिला उठत नाही आणि दुसरा तुमचा राहत नाही. उपसरपंचाला पहिल्या सभेत सदस्य निवडतात, तोंडी वाटणीला कायद्यात काही आधार नाही. तारीख न घातलेला राजीनामा आधीच सही करून घेणारे पुढारी मी पाहिले आहेत. तसं करू नका. ज्याच्यावर पहिल्याच दिवशी अविश्वास दाखवला, त्याच्याकडून निष्ठा कोणत्या तोंडाने मागणार?

कामं मात्र वाटून द्या. शिवरायांनी गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे नेमले. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. आमच्या पाणीपुरवठा समितीत मी हेच करायला हवं होतं आणि केलं नाही. पाणीपट्टी गोळा करणारा, पावती फाडणारा आणि वही लिहिणारा एकच सदस्य होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आता फुटलेल्या माणसाबद्दल. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे व्हिप नाही आणि पक्षांतराच्या कायद्याचा धाकही नाही. माणूस गेला तर गेला. म्हणून तो का गेला ते स्वतः जाऊन विचारायचं.

माझ्या पहिल्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी माझ्यावरच्या अविश्वासाच्या नोटिशीवर सह्या गोळा होऊ लागल्या. दुसरी सही माझ्याच उपसरपंचाची होती. संध्याकाळी बातमी आली तेव्हा पॅनलची पोरं लगेच त्याच्या दारात जायला निघाली होती. मी त्यांना थांबवलं आणि सकाळी एकटी गेले. तो पडवीत आंब्याची आढी लावत होता. पेंढा पसरायचा, देठाकडची बाजू बघायची, फळ ठेवायचं. त्याने मान वर केली नाही. मी पायरीवर बसले आणि मलाही काही सुचेना म्हणून आंबे हाताशी देत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘जमीन माझ्या बापाशीन दिल्यान, काकी. पाटयेर त्येचा नाव खंय हा?’

नव्या पाण्याच्या टाकीसाठी दीड गुंठा जागा त्याच्या वडिलांनी फुकट दिली होती. उद्घाटनाच्या पाटीवर आमदार होते, सभापती होते, मी होते. मजकूर मीच लिहून दिला होता. वडील कार्यक्रमाला आले होते, पाटी वाचून न जेवता परत गेले होते, आणि मला ते कळलंही नव्हतं. पुढच्या मासिक सभेत ठराव घेऊन दुसरी पाटी बसवली. त्यावर फक्त त्या म्हाताऱ्याचं नाव. नोटीस कधी तहसीलदारांपर्यंत गेलीच नाही.

दहा वर्षांत माझे पाच जण फुटले. त्यातले चार असेच, मानासाठी दुखावलेले. हे आमच्या किनाऱ्याला नवं नाही. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूला होते, शाहू महाराजांच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी कैद केलं. १७१३ साली श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. कान्होजींची सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, कायम ठेवली, आणि आरमार शाहूंच्या बाजूला आलं.

पाचवा तो पाणीपट्टीवाला. पावत्या आणि वही जुळेना. मी हिशेब मागितला त्याच आठवड्यात तो समोरच्या पॅनलच्या बैठकीला जाऊन बसला. अशा वेळी मनधरणी करू नका. पत्र लेखी द्या, पोच घ्या, विषय सभेच्या अजेंड्यावर घ्या आणि इतिवृत्तात शब्द न शब्द लिहून घ्या. समितीतून बदलायचं तर ग्रामसभेसमोर बदला. पदाधिकारीच असा निघाला, म्हणजे उपसरपंच वगैरे, तर नोटीस तहसीलदारांकडे जाते, ते सात दिवसांत विशेष सभा बोलावतात आणि ठरावाला साधं बहुमत पुरत नाही. आकडे जमत असतील तरच त्या वाटेला जा.

पॅनलमधले लोक तेव्हा दोन सल्ले देतात. एक, आमदाराला किंवा दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याला सांगून त्याला संपवा. तो सल्ला ऐकला की मला विजयदुर्ग दिसतो. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे ऐकत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजी कैदेत गेला, पण बंदरातलं आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. ते मराठ्यांचंच आरमार होतं. लहानपणी वडिलांनी मला ती खाडी दाखवून हे सांगितलं होतं, आणि अजूनही तिथून जाताना मन खिन्न होतं.

दुसरा सल्ला वाळीत टाकण्याचा. त्याच्याकडे पालखी न्यायची नाही, लग्नाला जायचं नाही, दुकानात सामान द्यायचं नाही. कोकणात गावकीने किती घरं अशी एकटी पाडली ते आपण सगळे जाणतो. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याने याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. चूक त्याची, त्यात त्याच्या पोरांचं काय?

त्या सदस्याला समितीतून काढलं त्या दिवशी सभा संपल्यावर मी पाणी सोडणाऱ्या कामगाराला बाजूला बोलावलं. त्याच्या वाडीचा व्हॉल्व्ह सकाळी साडेसहाला उघडायचा, तो उद्याही साडेसहालाच उघडायचा, एवढं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहाला स्वतः टाकीवर जाऊन उभी राहिले.