आर्मी ऑफ इंडिया मेडलच्या प्रतिकृती जमवताना

आसई, आडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव. ही सगळी लढायांची नावं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला मिळालेल्या एकाच पदकाच्या, आर्मी ऑफ इंडिया मेडलच्या, पट्ट्यांवर येतात. पट्टी म्हणजे लढाईचं नाव असलेली, फितीवर बसवलेली धातूची पट्टी. अस्सल पदकं साडेचार हजारांच्या आसपासच निघाली, म्हणून ती आपल्या आवाक्याबाहेरची. मी प्रतिकृतीच जमवतो. त्यातही बघून घेण्यासारखं खूप आहे.

आधी पदक नीट ओळखा. पुढे व्हिक्टोरिया राणीचं मस्तक. मागे बसलेली विजयदेवता, शेजारी ताडाचं झाड आणि खाली '१७९९-१८२६'. फीत फिकट निळी. पट्ट्या १८०३ पासूनच्या लढायांच्या आणि पदकावर मात्र १७९९, हे पाहून नवखा माणूस बिचकतो. पण अस्सल पदकावरही तेच साल आहे, प्रतिकृतीतला तो दोष नव्हे.

खरी पारख पट्ट्यांची. खडकी (५ नोव्हेंबर १८१७) आणि पुणे या दोन्ही ठिकाणी लढलेल्याला दोन पट्ट्या मिळत नसत, 'खडकी आणि पुणे' अशी एकच जोडपट्टी मिळे. सीताबर्डी आणि नागपूरचंही तसंच. तेव्हा एकाच फितीवर खडकी वेगळी आणि पुणे वेगळी दिसली, की बनवणाऱ्याने अभ्यास केलेला नाही हे समजावं. आसई (२३ सप्टेंबर १८०३), आडगाव, गाविलगड हा संच जुळतो, कारण त्या तिन्ही लढाया इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने एकाच मोहिमेत केल्या. आसईशेजारी दिल्लीची पट्टी मात्र खटकते. दिल्लीची लढाई ११ सप्टेंबरला झाली आणि ती उत्तरेतल्या दुसऱ्या इंग्रज सेनापतीच्या, जनरल लेकच्या फौजेची. असा संच स्वस्तात मिळाला तरी मी घेत नाही.

मग भिंग घ्या. ओतीव प्रतिकृतीत अक्षरांच्या कडा बोथट असतात, सपाट भागावर बारीक छिद्रं दिसतात आणि कडेवर साच्याची शिवण सापडते. ठोकून काढलेल्या पदकाची अक्षरं कशी धारदार उठतात. पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर राणीचा गाल आणि कानाजवळचे केस बघा, घासला जाणारा उंचवटा तिथेच, पिवळं आधी तिथेच उघडं पडतं. म्हणून पॉलिश लावून घासू नका, मऊ कोरडं फडकं पुरे.

प्रतिकृती घरी आली की भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे न्या आणि कडेवर 'नक्कल' आणि साल कोरून घ्या. दिसायला थोडं उणं वाटेल, वाटू दे. तुमच्यामागे ती कुणाच्या हातात जाईल आणि अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात मारली जाईल, सांगता येत नाही. त्याच कडेवर अस्सल पदकात शिपायाचं नाव आणि पलटण असते. हौसेखातर खोटं नाव घालू नका. ते नाव ज्याने मिळवलं त्याचंच.

आता माझ्या मनातली गोष्ट. हे पदक मंजूर झालं १८५१ मध्ये, तेही त्या वेळी हयात असलेल्यांनाच. कंपनीच्या फौजेतले बहुसंख्य शिपाई इथलेच, पण आसईनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी ते घ्यायला त्यांच्यातले किती उरले असतील? आणि समोरच्या मराठी फौजेला तर असलं पदकच नव्हतं. म्हणून प्रत्येक पदकाखाली मी एक कार्ड ठेवतो. खडकीखाली बापू गोखले, महिदपूरखाली होळकरांची फौज, आसईखाली शिंदे-भोसले. नुसती पदकं मांडली तर लढाईची एकच बाजू मांडल्यासारखं होतं.

पदकं पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, धातूवर हिरवा चिकट थर येतो. फीत उन्हापासून जपा, फिकट निळा रंग लवकर उडतो. आणि कुणी 'अस्सल' म्हणून पदक दाखवलं, तर पुरावशेषांचा १९७२ चा कायदा लक्षात असू द्या. शंभर वर्षांवरची अशी वस्तू तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या संग्राहकाशी अदलाबदल करायची असेल, तर ती कोरलेल्या नकलांचीच करा.