घरची भाषा वर्गात येऊ द्या

इंग्रजी न येणारं मूल वर्गात आलं की मी आधी त्याचं नाव नीट उच्चारायला शिकते. बोलायचा आग्रह धरत नाही. अनेक मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प असतात, पण ऐकून साठवत असतात. तोवर उत्तर बोटानं दाखवू द्या, चित्रं जुळवू द्या.

गणिताचं शाब्दिक उदाहरण आधी मणी मांडून करून दाखवा. मग वाक्याचा साचा द्या: ‘देअर आर … लेफ्ट’. मूल ‘ही रन्ड’ म्हणालं तर टोकू नका. ‘येस, ही रॅन’ म्हणून पुढे जा.

आणि पालकांना ‘घरी इंग्रजीच बोला’ असं कृपा करून सांगू नका. मी पूर्वी सांगायचे, त्याची खंत आजही वाटते. आईच्या भाषेत गोष्टी ऐकलेल्या मुलाला घटनांचा क्रम, कारण-परिणाम आधीच उमगलेले असतात. इंग्रजीत त्यासाठी शब्द तेवढे मिळवायचे असतात.

मूल मैदानावर भराभर इंग्रजी बोलतंय म्हणून आधार काढू नका. गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. पहिली साधारण २ वर्षांत येते, दुसरीला ५ ते ७ वर्षंही लागतात. चौथीतल्या मुलालाही विज्ञानाचे शब्द चित्रांसह, धड्याच्या आधीच द्या.