फ्लशची टंकी गळतेय? बॉल कॉक बदलताना या चुका टाळा

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून जवळपास ७० किलोमीटर लांबून, विंध्याचा चढ चढवत पंपाने आणतात, आणि आपल्याकडे नळ येतो एक दिवसाआड, म्हणून फ्लशची टंकी रात्रंदिवस गळताना बघितली की मला खरंच वाईट वाटतं. धार बारीक दिसते हो, पण मिनिटाला १०० मिली जरी गेलं तरी दिवसाचं १४४ लिटर होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झाकण न उघडताच सियागंजच्या बाजारात जाऊन नवा बॉल कॉक, म्हणजे टंकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा (फ्लोटचा) वॉल्व्ह, घेऊन येणं. आधी गळतंय कुठून ते बघा ना! टंकी पूर्ण भरल्यावर पाणी ओव्हरफ्लो पाइपमध्ये, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या आतल्या नळीत, पडत असेल तर दोष बॉल कॉककडे. पाणी त्याच्या खालीच थांबतंय आणि तरी पॉटमध्ये ओघळ दिसतोय, तर टंकीत थोडी शाई टाका, २० मिनिटं फ्लश करू नका, पॉटमध्ये रंग उतरला म्हणजे टंकीच्या तळाचं, पाणी अडवणारं रबर गेलंय, अशा वेळी नवा बॉल कॉक लावून काहीच उपयोग नाही. जुन्या घरांतल्या साखळीवाल्या लोखंडी टंकीत मात्र सायफन असतो, खाली रबर नसतंच, तिथे बहुतेक वेळा बॉल कॉकच बिघडलेला असतो.

आता फ्लोट हाताने वर उचला. पाणी थांबलं तर फ्लोट काढून कानाशी हलवून बघा, आत पाणी खळखळलं तर नुसता फ्लोट बदला. थांबलंच नाही तर वायसर झिजलाय किंवा बोरिंगच्या पाण्याचा क्षार जमलाय. क्षारासाठी पार्ट काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, टंकीत ॲसिड अजिबात ओतू नका, रबर आणि पितळ दोन्ही खराब होतं. प्लास्टिकची दांडी वाकवू नका, मोडते, बऱ्याच मॉडेलला लेव्हलचा स्क्रू असतो तो फिरवा आणि पाणी ओव्हरफ्लोच्या इंचभर खाली ठेवा.

बदलायचाच असेल तर अँगल कॉक, म्हणजे टंकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा. तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो, जाम असतो, पान्याने जोर लावला की तुटतो आणि मग बाथरूमभर पाणी, त्यापेक्षा गच्चीवरच्या टंकीचा वॉल्व्ह बंद केलेला बरा.

नवा लावताना नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्या, जास्त आवळला तर प्लास्टिक चिरतं. आतला भाग दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर सगळंच फिरतं आणि फ्लोट भिंतीला अडकतो. कनेक्शन पाइपच्या नटात रबर वायसर असतो, पाणी तोच अडवतो, तिथे टेफ्लॉन टेपचे वेढे नकोत. आणि हे तर कुणीच करत नाही, पाइप जोडायच्या आधी अँगल कॉक थोडा उघडून बादलीत पाणी सोडा, लाइनमधला गाळ निघून जाऊ दे, नाहीतर तो नव्या वॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि गळती परत सुरू.

सगळं जोडून झालं की सांधा कोरडा पुसा, खाली कागद ठेवा, सकाळी कागद ओला दिसला तर नट अजून किंचित फिरवा.