ठासणीची बंदूक आणि चिकट दस्ता

खरी ठासणीची बंदूक परवान्याशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे, १९५९ चा शस्त्र कायदा आहे ना. म्हणून माझी नुसती शोभेची. नळीच्या जागी भरीव सळई, भोकच नाही. दस्ता मात्र अस्सल शिसमाचा, तीन महिने रंधा-कानस चालवून काढलेला.

माती खाल्ली ती तेलात. सियागंज बाजारातून जवसाचं कच्चं तेल आणलं आणि हौसेने दोन जाड हात मारले. आठ दिवस झाले तरी हात लावला की बोटं चिकटायची. त्यात इंदूरचा श्रावण. आई म्हणाली, "माश्या पकडायला ठेव आता."

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थर जाड असला की वर साय धरते, खाली ओलंच. मग टर्पेंटाइनच्या बोळ्याने सगळं पुसलं, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासलं. या खेपेला दुकानातलं बॉइल्ड, म्हणजे लवकर वाळणारं, जवसाचं तेल घेतलं, निम्मं टर्पेंटाइन मिसळून. लावायचं, वीस मिनिटांनी फडक्याने खरडून पुसायचं, दोन दिवस पंख्याखाली. चौथ्या हाताला शिसमाच्या काळ्या रेघा अशा उठल्या की आईनेही चष्मा लावून पाहिलं.

तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तापतात, आपोआप पेट घेऊ शकतात. मी दोरीवर सुटी पसरली.

आता गज, म्हणजे दारू ठासायची काठी, राहिलाय, नळीखालच्या खाचेत अजून खुळखुळतोय.