नदीच्या पाण्याची तपासणी करताना या चुका टाळा

मुळा-मुठेसारख्या शहरी नदीवर स्वयंसेवकांनी कष्टाने घेतलेल्या नोंदी वाया जातात, त्या बहुतेक वेळा काठावरच. रसायनांची वेळ येण्यापूर्वीच.

सर्वांत फसवा आकडा विरघळलेल्या ऑक्सिजनचा. संथ, हिरवट पाण्यातील शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडते आणि रात्री तोच वापरते. त्यामुळे दुपारी समाधानकारक वाटणाऱ्या पाण्यात पहाटे मासे गुदमरू शकतात. एका रविवारी सकाळी व दुसऱ्या रविवारी दुपारी घेतलेले नमुने शेजारी मांडून नदी सुधारली असे जाहीर करणे म्हणूनच चुकीचे आहे. वेळ कायम एकच असावी, शक्यतो सूर्योदयाच्या सुमाराची. लिटरला १० मिलिग्रॅम असा आकडा आला तर हुरळून जाऊ नये. २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर स्वच्छ पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात त्याहून कमी. तेव्हा कारण बहुधा शेवाळाचा अतिरेक किंवा बाटलीत अडकलेला बुडबुडा असते.

हा बुडबुडा पुलावरून बादली सोडण्याच्या सवयीतूनही येतो. बादलीतले पाणी बाटलीत ओतताना त्यात हवा मिसळते. बाटली प्रवाहात बुडवून भरावी, बूच पाण्याखालीच लावावे आणि ऑक्सिजन मोजण्यासाठीची रसायने, मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड, जागेवरच घालावीत. ऑक्सिजन असेल तर बाटलीत तयार होणारा साका तपकिरी होतो; तो पांढराच राहिला, तर रसायने बिघडली असे समजून नमुना फेकू नये; सांडपाण्याने भरलेल्या पात्रात ऑक्सिजन उरलेलाच नसतो, आणि ती नोंद मोलाची असते. नाल्याच्या तोंडाशी घेतलेले पाणी मात्र नाल्याचे असते, नदीचे नव्हे. खडकवासला धरणातून विसर्ग चालू असल्यास तेही वहीत लिहावे, कारण त्या दिवशी प्रदूषण कमी झालेले नसते, केवळ पातळ झालेले असते.

पीएच मीटरचा आकडा स्थिरावत नसेल, तर टोक कोरडे पडले आहे का ते पाहावे. ते ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते, पण त्याने ते खराब होते. पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण वापरावे. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार दाखवते, मैलापाणी ओळखत नाही. पिण्याच्या पाण्यासाठीची, जंतू असल्यास काळी पडणारी एचटूएस बाटली नदीच्या पाण्यात जवळजवळ नेहमीच काळी पडते, म्हणून तिच्यावर पैसे घालवण्यापेक्षा निर्जंतुक बाटलीतला नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा.